टू-डी इकोच्या आधी मान बघा

प्रति,
मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचे जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मेडिसिन विभागांचे प्रमुख यांस,

विषय : धाप लागलेल्या पेशंटची मान, छाती आणि पाय तपासण्याची मोडत चाललेली सवय

महोदय, महोदया,

‘आरएस क्लिअर, सीव्हीएस एस-वन एस-टू नॉर्मल, पीए सॉफ्ट, सीएनएस कॉन्शस ओरिएंटेड.’ फुप्फुसं स्वच्छ, हृदयाचे दोन्ही ठोके ठीक, पोट मऊ, पेशंट शुद्धीवर, अशा अर्थाची ही ओळ आपल्या सगळ्यांच्या हातात इतकी बसली आहे की ती लिहायला पेशंटकडे बघावंही लागत नाही. नायट्याचं मलम न्यायला आलेल्याच्या केस पेपरवर तीच, आणि चार पावलांत धाप लागून भिंतीला टेकून बसलेल्या बाईच्या केस पेपरवरही तीच. खाली एकच सल्ला : टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून या.

इकोला आमचा विरोध नाही. हृदयाचं पंपिंग किती, झडप कोणती बिघडली, हे इकोच सांगणार. आमचं म्हणणं एवढंच, की हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदय रक्त नीट पुढे ढकलत नसल्याची, शंका घ्यायला, पहिला डोस द्यायला आणि कुणाला आज रात्रीच हलवायचं हे ठरवायला इको लागत नाही. लागतात ते दोन डोळे, एक स्टेथोस्कोप, पंधरा सेंटिमीटरची शाळकरी पट्टी आणि डोक्याकडून उचलता येणारं टेबल. टेबल बहुतेक ठिकाणी नाही, पट्टी कुणी मागत नाही, आणि डोळ्यांनी काय बघायचं हे शिकवणं आपण सोडत चाललो आहोत.

याची किंमत आपल्या भागात जास्त पडते. प्राथमिक आरोग्य केंद्रात इको नसतो. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरच्या वर. परंड्याचा माणूस बार्शी गाठतो, आष्टीचा नगर, म्हणजे उपचारासाठी विभागच ओलांडतो. गाडीभाडं, सोबतीचा माणूस, दोघांचा बुडालेला रोज. ‘करून या’ हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. कापसाची वेचणी चालू असली तर इको पुढे जातो. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी कारखान्याकडे निघाली की तो पार मार्च-एप्रिलवर जातो.

मधल्या काळात पेशंट काही उपचाराविना राहत नाही. ‘दमा आहे’ म्हणून डेरिफायलिन-डेक्साची सुई मिळते, अशक्तपणा म्हणून सलाईन लागतं, सांधे धरलेत म्हणून डायक्लोफेनॅक. डेरिफायलिननं आधीच पळणारं हृदय आणखी पळतं. डेक्सानं साखर आणि बीपी चढतं. डायक्लोफेनॅकमुळे मूत्रपिंड मीठ-पाणी अडवून धरतं. आणि सलाईनचा हिशेब तर एकदा मांडायलाच हवा : ५०० मिलीच्या नॉर्मल सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. धडधाकट माणसानं अख्ख्या दिवसात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं-पापड बंद करा म्हणून बजावायचं आणि तेवढंच मीठ तासाभरात शिरेतून सोडायचं, असा हा प्रकार आहे.

हे सगळं रोखू शकेल अशी खूण मानेत असते. तिच्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त हयगय तिचीच होते.

उजव्या बाजूची आतली मानेची शीर, म्हणजे इंटर्नल ज्युग्युलर, हृदयाच्या उजव्या कप्प्याला जवळपास सरळ रेषेत जाऊन मिळते. हृदयात दाब तुंबला की या शिरेतलं रक्त नळीतल्या पाण्यासारखं वर चढतं. ते कुठवर चढलं हे बाहेरून दिसतं. पेशंटला ४५ अंशांत टेकवा. डोक्याखाली लहानशी उशी हवी, म्हणजे मानेचे स्नायू सैल पडतात. हनुवटी किंचित डावीकडे. जास्त वळवली तर स्नायू ताणून शीर त्याच्याखाली दडते. उजेड डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा नको. मोबाइलचा टॉर्च मानेला घासून जाईल असा तिरका धरा, की हलणारी सावली लगेच दिसते. बाईमाणसाचा पदर खांद्यावरून जरा सरकवला तरी पुरतं.

हलतंय ती शीर की धमनी, हा पुढचा प्रश्न. शिरेला दर ठोक्यामागे दोन हेलकावे असतात, धमनी एकदाच उसळते. शीर बोटाला लागत नाही. गळपट्टीच्या हाडाच्या वर हलकं बोट दाबलं की तिची हालचाल थांबते. श्वास आत घेताना ती खाली उतरते, उठून बसवलं की आणखी खाली जाते. धमनीला यातल्या कशाचंही सोयरसुतक नसतं. (श्वास घेताना शीर उतरायच्या ऐवजी वर चढली तर हृदयाभोवतीचं आवरण आवळलं गेल्याची शंका घ्या. आपल्याकडे टीबी आहे आणि त्यानंही हे आवरण आवळतं, हे विसरून चालणार नाही.)

मग मोजायचं. छातीच्या मधल्या हाडावर, गळ्याच्या खाचेपासून साधारण पाच सेंटिमीटर खाली, एक आडवा उंचवटा बोटाला लागतो. तिथेच दुसरी बरगडी जुळते. पट्टी त्या उंचवट्यावर उभी धरा. जमिनीला काटकोनात, छातीला नव्हे. शिरेची हालचाल जिथे सर्वांत वर दिसते तिथून केस पेपरची कड आडवी पट्टीला भिडवा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त भरलं तर दाब वाढलेला. ब्रिटिश हृदयतज्ज्ञ सर टॉमस लुइस यांनी या उंचवट्यापासून मोजायची रीत १९३० मध्ये मांडली. तिला आजही पट्टीपलीकडे काही लागत नाही.

चूक होते ती बहुधा एकाच जागी. ४५ अंशांत शीर दिसली नाही की ‘जेव्हीपी नॉर्मल’, म्हणजे मानेच्या शिरेतला दाब ठीक, असं लिहून मोकळं व्हायचं. दाब फारच वाढलेला असेल तर रक्ताची पातळी जबड्याच्याही वर, कानामागे गेलेली असते आणि मानेत हालचाल दिसतच नाही. अशा वेळी पेशंटला ताठ बसवा. कानाची पाळी हलताना दिसेल. उलट मे महिन्यात उलट्या-जुलाबानं सुकलेल्या माणसाची शीर आडवं केल्यावरच दिसते. म्हणून ‘दिसली नाही’ आणि ‘वाढलेली नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि केस पेपरवर ती वेगळीच लिहायला हवीत.

आता टेबल. ओपीडीतलं तपासणीचं टेबल सपाट असतं आणि जागा वाचवायला कोपऱ्यात सरकवलेलं असतं. पुष्कळदा पेशंटची उजवी बाजू भिंतीकडे येते, म्हणजे जिथून मान बघायची तिथे उभं राहायलाच जागा नाही. भिंतीपासून दोन फूट ओढायला कुठल्याही मंजुरीची गरज नसावी. उचलणारं टेबल मिळेपर्यंत गावच्या सुताराकडून एक टेकणी करून घेता येते : ६० सेंटिमीटर लांबीच्या फळीचं वरचं टोक ४२ सेंटिमीटर उचललं की बरोबर ४५ अंश होतात, ३० सेंटिमीटर उचललं की ३० अंश. तेही नसेल तर खुर्ची आहे. माणूस ताठ बसलेला असताना गळपट्टीच्या हाडाच्या वर शीर हलताना दिसली, तर दाब वाढलेलाच समजा. याला पट्टीही लागत नाही. गर्दीच्या ओपीडीत, लसीकरणाच्या दिवशीसुद्धा हे अर्ध्या मिनिटात होतं.

शंका उरली तर पोट दाबून बघा. पेशंटला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो दचकून श्वास कोंडतो, आणि श्वास कोंडल्यावर कुणाचीही शीर फुगते. तोंड उघडं ठेवून सावकाश श्वास घ्यायला लावा. तळहात बेंबीच्या आसपास ठेवून किमान १० ते १५ सेकंद एकसारखा दाब द्या. दुखऱ्या यकृतावर नको. दाब किती, हे हाताला कळावं म्हणून सुरुवातीला बीपीचा कफ थोडा फुगवून तळहाताखाली घ्या आणि काटा २० ते ३५ मिलिमीटरपर्यंत जाईल इतकं दाबा. आठ-दहा पेशंटांनंतर कफ लागत नाही. धडधाकट माणसाचीही शीर क्षणभर वर येते, पण दोन-चार ठोक्यांत उतरते. दाब असेतोवर ती ३-४ सेंटिमीटर वरच राहिली आणि हात काढताच धपकन उतरली, तर वाढून आलेलं रक्त हृदयाला पुढे ढकलता येत नाही, असा अर्थ.

हृदयाच्या नेहमीच्या दोन ठोक्यांमागून येणारा तिसरा ठोका ऐकणं याहून अवघड, पण ऐकू आला तर त्याच्याइतकी भक्कम खूण दुसरी नाही. पंखा बंद करा. दार लोटा. पेशंटला डाव्या कुशीवर वळवा, हृदयाचं टोक बोटानं शोधा आणि स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, तिथे नुसती टेकवा. बेल दाबली की कातडी ताणून तिचा डायफ्रॅम (सपाट पडदा) होतो आणि हा जाड आवाज गायब होतो. हीच त्याची परीक्षाही आहे : हलकं धरल्यावर येतो, दाबल्यावर जातो. दुसऱ्या ठोक्यामागोमाग, जाड गोधडीवर मूठ पडावी तसा तो बसका आवाज असतो. ब्लाउजवरून किंवा स्वेटरवरून तो मिळणार नाही. पडदा आणि सोबत परिचारिका, ही सोय केंद्रानं करायची आहे. तरुण मुलांत आणि गरोदरपणात तिसरा ठोका आजाराविनाही ऐकू येतो, हे ध्यानात ठेवावं. आणि बेलच नसलेले स्वस्त स्टेथोस्कोप घेणं एकदाचं थांबवावं.

या खुणांचं वजन किती, हे मोजलेलं आहे. धाप लागून तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांवरच्या अभ्यासांचा आढावा ‘जामा’ या नियतकालिकात २००५ मध्ये आला. खूण सापडल्यावर हार्ट फेल्युअर असण्या-नसण्याचं प्रमाण किती पट होतं, ते गुणोत्तर तिसऱ्या ठोक्याचं त्यात ११ आहे, पोट दाबून शीर वर राहण्याचं ६.४, फुगलेल्या शिरेचं ५.१, फुप्फुसातल्या चरचरीचं २.८ आणि पायांवरच्या सुजेचं फक्त २.३. सोप्या भाषेत : तुमची शंका आधी निम्मी-निम्मी असेल तर तिसरा ठोका ऐकल्यावर ती शंभरात ९२ वर जाते, फुगलेल्या शिरेनं ८४ वर, पायांच्या सुजेनं ७० वर. आणि आपण केस पेपरवर लिहितो काय? ‘पेडल इडिमा प्लस’, म्हणजे पायांवर सूज आहे. सर्वांत दुबळी खूण तेवढी नोंदवली जाते, कारण तिच्यासाठी पेशंटला झोपवावं लागत नाही.

सूज फसवते दोन्हीकडून. अंगात काही लिटर पाणी साचेपर्यंत ती दिसत नाही. आणि बीपीची अम्लोडिपिनची गोळी, रक्तक्षय, मूत्रपिंड, यकृत, पायाच्या शिरांचे झडपदोष, कशानंही ती येते. पाय सुजलेत पण मानेची शीर नॉर्मल असेल तर आधी गोळ्यांची पट्टी मागून बघा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय बघून उपयोग नाही, पाणी कमरेखाली, माकडहाडावर उतरलेलं असतं. चरचरीचंही तसंच. जुन्या हार्ट फेल्युअरमध्ये फुप्फुसातल्या लसीकावाहिन्या पाणी उपसायला सरावलेल्या असतात, त्यामुळे छाती स्वच्छ ऐकू येऊनही आतला दाब भरपूर असू शकतो. ‘आरएस क्लिअर’वर पेशंट घरी पाठवणं म्हणूनच धोक्याचं.

विचारायचे प्रश्नही आपण दुसऱ्याच्या घरातून उचलले आहेत. ‘किती उशा घेता?’ आपल्याकडे पुष्कळ माणसं जमिनीवर वाकळ टाकून, हाताची उशी करून झोपतात. उत्तर ‘एकबी नाही’ येतं आणि केस पेपरवर ऑर्थोप्निया (आडवं झाल्यावर लागणारी धाप) निगेटिव्ह. विचारा : उताणं झोपवतं का? रात्री धाप लागून उठून बसावं लागतं का, दार उघडून बाहेर यावं लागतं का? भिंतीला किंवा बाजेच्या गातीला टेकून रात्र काढता का? वाकून खुरपताना, चूल फुंकताना, चपलेचा पट्टा लावताना अर्ध्या मिनिटात दम लागतो का? या शेवटच्याला बेंडोप्निया असं भारदस्त नाव आहे. नाव नसलं तरी चालेल, प्रश्न हवा.

बाळंतिणीचं वेगळं सांगायला हवं. गरोदरपणाचा शेवटचा महिना ते बाळंतपणानंतरचे पाच महिने या काळात हृदयाचा स्नायू कमजोर पडण्याचा एक आजार होतो. पाय सुजणं, धाप, थकवा, सगळं ‘बाळंतपणाचंच आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. तिचीही मान बघा. ती आडवी झोपू शकत नसेल तर रक्तवाढीच्या गोळ्या देऊन परत पाठवू नका.

आता उलट बाजू, कारण ती लपवून हे पत्र लिहिणं अप्रामाणिक ठरेल. खुणा नाहीत म्हणजे आजार नाही, असं नसतं. १९८९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात जुनं हार्ट फेल्युअर असलेल्या ४३ रुग्णांच्या हृदयात नळी घालून मोजलेला दाब खूप वाढलेला होता, तरी त्यांतल्या १८ जणांत चरचर, सूज, फुगलेली शीर यांतलं काहीच नव्हतं. म्हणजे खूण सापडली तर ती भक्कम पुरावा. सापडली नाही तर ईसीजी, एक्स-रे, एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी, इको हा रस्ता उघडाच. चुलीच्या धुरानं फुप्फुसं खराब झालेल्या बाईचीही शीर फुगते. हाताचं काम यंत्राच्या जागी नाही, यंत्राच्या आधी आहे.

आणि यंत्राचंही एक ऐकून घ्या. इकोवर ‘ईएफ ६०%’, म्हणजे पंपिंग ठीक, असं आलं की ‘हृदय चांगलं आहे’ सांगून पेशंट परत धाडला जातो. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत जवळपास निम्म्यांचं पंपिंग ठीकच असतं; हृदय ताठर झालेलं असतं, भरताना अडतं. अशा बाईची मानेची शीर ८ सेंटिमीटरवर असेल तर अहवाल नॉर्मल आहे म्हणून ती बरी होत नाही.

कुणाला थांबवायचं नाही, हेही हातानंच कळतं. वरच्या बीपीतून खालचं वजा करा. उरलेला फरक वरच्या आकड्याच्या पावहून कमी असेल, उदाहरणार्थ ९० वर ७०, आणि हातपाय गार लागत असतील, तर हृदयातून पुरेसं रक्त बाहेर पडत नाही. तिथे नुसतं लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) टोचून ‘उद्या बघू’ करायचं नसतं. गाडी बोलवायची असते.

यानंतर आमची तक्रार चिठ्ठीवर. केंद्राकडून मोठ्या दवाखान्यात जाणाऱ्या चिठ्ठीवर ‘ब्रेथलेसनेस, रेफर्ड फॉर फर्दर मॅनेजमेंट’ एवढंच असतं, आणि तिकडच्या ड्युटीवरच्या मुलाला शून्यापासून सुरुवात करावी लागते. चिठ्ठी अशी असू शकते : ‘जेव्हीपी ४५ अंशांत ७ सेंमी, पोट दाबल्यावर १५ सेकंद टिकली. तिसरा ठोका आहे. सूज गुडघ्यापर्यंत. वजन ५८ किलो. बीपी १३०/८०, नाडी ११०, ऑक्सिजन ९१. लॅसिक्स ४० मिग्रॅ शिरेतून सकाळी ११.२० ला, लघवी १२.३० पर्यंत ४०० मिली.’ चार ओळी. पण पुढच्याला उपचार किती लागू पडतोय हे यातूनच कळतं.

शेवटी शिक्षण. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमात मानेची शीर दाखवणं आणि मोजणं हे कौशल्य लिहिलेलं आहे. लॉगबुकात त्यावर सही होते. सही करणाऱ्यानं विद्यार्थ्याच्या हातात पट्टी बघितली होती का, हा आमचा साधा प्रश्न आहे. परीक्षेच्या लाँग केसला विद्यार्थी ‘जेव्हीपी नॉट रेज्ड’ पाठ म्हणतो, परीक्षक ‘दाखव’ म्हणत नाही, आणि पुढे तोच डॉक्टर बंधपत्रावर आमच्याकडे येतो. त्याचा दोष नाही.

आमच्या मागण्या :

१. धापेच्या प्रत्येक पेशंटच्या केस पेपरवर तीन छापील रकाने द्या : जेव्हीपी किती सेंमी (किंवा ‘दिसली नाही’), पोट दाबल्यावर टिकली का, आजचं वजन. ‘नॉर्मल’ असा छापील पर्याय नको, आकडाच लिहायचा.

२. प्रत्येक केंद्रात एक टेबल डोक्याकडून उचलणारं द्या. तोवर टेकणी आणि भिंतीपासून दोन फूट जागा. बेल असलेला स्टेथोस्कोप.

३. वजनकाटा फक्त गरोदर मातांच्या खोलीत कुलूपबंद ठेवू नका. हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं वजन तीन दिवसांत २ किलोनं वाढलं तर आशाताईंनी त्याच दिवशी केंद्राला कळवावं, असं लेखी ठरवून द्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या हातात हेच वजन आणि औषधं लिहिलेलं कार्ड द्या, कारखान्याजवळच्या डॉक्टरला ते वाचता यावं.

४. इको झाल्याशिवाय लॅसिक्स सुरू करू नये असा जो अलिखित दंडक पडला आहे, तो लेखी आदेशानं मोडा. फुगलेली शीर आणि धाप असताना सलाईन व डायक्लोफेनॅक देऊ नये, हेही त्याच आदेशात लिहा.

५. महाविद्यालयांनी इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला देण्याआधी प्रत्येकाकडून दहा पेशंटांची जेव्हीपी, शिक्षक शेजारी उभे असताना, पट्टीनं मोजून घ्यावी. शिक्षकानं आपला आकडा वेगळा लिहावा. दोघांत २ सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजावं, दोघांनीही.

पहिल्या मागणीला आणि दुसरीतल्या टेकणीला व दोन फूट जागेला निधी जवळपास लागत नाही, त्यामुळे त्यांचं उत्तर पुढच्या मासिक आढावा बैठकीत मिळावं अशी विनंती आहे.

आपले,
मराठवाड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका